सरकारी जीभ

सकाळी शाळेचं कुलूप काढायच्या आतच लेकरं मला गराडा घालतात. "सर, आज काय हाय?" हा प्रश्न अभ्यासाबद्दलचा नसतो, एवढं कळायला मला नोकरीचं पहिलं वर्ष लागलं. तेव्हा मी मोठ्या उत्साहानं "आज वजाबाकी" असं सांगायचो आणि लेकरांची तोंडं उतरायची.

लातूर जिल्ह्यातली आमची शाळा दोन-शिक्षकी. पटावर ३७ लेकरं. पोषण आहाराचा चार्ज माझ्याकडं. मॅडमनी तो देताना "सर, तुम्हाला खायची आवड आहे म्हणून" असं कारण सांगितलं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

चार्ज म्हणजे काय, तर दर लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचा, हजर लेकरांचा आकडा रोज ॲपवर भरायचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे लेकरांच्या आधी आपण चव घ्यायची. नुसती घ्यायची नाही, नोंदवहीत शेरा लिहून खाली सही करायची. वर्षाला दोनशेच्या वर दिवस शाळा भरते. रोज खिचडीबद्दल नवीन काय लिहिणार? "चव चांगली", "चव उत्तम", "चव छान" हे जूनमध्येच संपतं. एकदा कंटाळून "चव नेहमीप्रमाणे" लिहिलं, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

खरं म्हणजे भाताशी माझं जुनं नातं आहे. १९९५ साली ही योजना आली तेव्हा मी स्वतः झेडपीच्या शाळेत होतो. तेव्हा शिजवून मिळत नसे, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी, भात सणाला नाहीतर पाहुण्याला. त्यामुळं त्या महिन्यांत माझा ताप हा ताप धरला जात नसे. "जा, नुसतं बसून ये," म्हणून आजी मला दप्तरासह बाहेर काढायची. पुढं २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, ते फार चांगलं झालं. फक्त ते शिजलेलं आधी कोण खाणार, हे माझ्या नशिबात आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

२०२४ मध्ये पाककृतींची नवी यादी आली. एकूण पंधरा. मी ती मावशींना वाचून दाखवली. मसालेभात, मटार पुलाव, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मसुरी पुलाव... मावशी तांदूळ निवडत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "सर, पातेलं एक, चूल एक, हळद एक. नाव बदललं की चव बदलती व्हय?" तेव्हाच्या महिना २५०० रुपये मानधनात पंधरा पदार्थ करणाऱ्या बाईला यावर काय उत्तर देणार? मी फळ्यावर "आज : मसुरी पुलाव" लिहिलं. चौथीतल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं आणि मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, "खिचडीच हाय रे."

त्याच्या आधीच्या वर्षी, २०२३ च्या शेवटी, आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं. अंडं न खाणाऱ्याला केळी. आमच्या गावात माळकरी घरं बरीच, म्हणून मी आधी यादी केली. सहा लेकरं निघाली. पहिल्या बुधवारी त्या सहांना चांगली हातभर लांब, पिवळीधमक केळी मिळाली आणि बाकीच्यांनी आपल्या हातातल्या अंड्याकडं पाहिलं. पुढच्या बुधवारी वर्गात सतरा माळकरी. एकानं तर गळ्यात माळ म्हणून बहिणीची मण्यांची पोत घातलेली. तिसऱ्या आठवड्यात अंड्यावर कांदा-मीठ आलं, तेव्हा आकडा पुन्हा सहावर. त्यातलाही एकजण माळ शर्टाच्या आत सारून रांगेत उभा होता. मी पाहिलं, त्यानं मी पाहिलेलं पाहिलं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा वेगळा निधी थांबला आणि सगळे एकदम शाकाहारी झाले.

आता मूळ दुखण्यावर येतो. आमच्याकडं ॲपला रेंज मिळते ती फक्त मारुतीच्या पारावर, तीही एक दांडी. त्या दिवशी पारावर जायची घाई म्हणून मी चव न घेताच नोंदवहीत "चव उत्तम" लिहिलं, सही ठोकली आणि मोबाईल वर धरून निघालो. आकडा भरून परत आलो तर शाळेसमोर मोटरसायकल. तपासणीला साहेब आलेले. पंगत बसलेली. आणि दुसरीतली एक पोरगी, जिचा आवाज कवितेच्या तासाला कधी निघत नाही, ती ताट हातात घेऊन खणखणीत म्हणाली, "सर, मीठच न्हाई की!"

साहेबांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग नोंदवही मागवली, माझा शेरा वाचला, पुन्हा ताटाकडं पाहिलं.

"सर, बीपीचा त्रास आहे का तुम्हाला?"

"नाही साहेब."

"मग घ्या तपासून."

मावशींनी मीठ पाण्यात कालवून वरून शिंपडलं. त्यानं पातेल्यात दोन जिल्हे तयार झाले, एक अळणी आणि एक खारट. लेकरांनी आपसांत अदलाबदल करून जेवण उरकलं. साहेब मात्र मान खाली घालून दुसऱ्या जिल्ह्यात जेवले.

त्या दिवसापासून ती पोरगी आपणहून चुलीपाशी येऊन उभी राहते. मी माझा घास घेतो, पण माझ्या जिभेवर माझाच भरवसा उरलेला नाही, म्हणून दुसरा चमचा तिच्या हातावर. ती डोळे मिटते, बोट चाटते आणि सांगते. शेरे असे : "कालच्यान बरं हाय." "डाळ आज रुसलीय." "माय करती तसंच, पर माय जास्त करती." यातलं एकही नोंदवहीत बसण्याजोगं नाही.

परवा घास तोंडात टाकताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसत म्हणाली, "मावशीचं आज घरी भांडण झालंय."

स्वयंपाकघरातली कढई एकदम थांबली. आतून आवाज आला, "सर, हिला कुणी सांगितलं?"

मी नोंदवही ओढली आणि लिहिलं, "चव उत्तम."