आधी कडता बघा, मग लेबल वाचा

‘छोट्या शेतकऱ्यांकडून थेट, नैतिक खरेदी’ असं आता हर्बल चहाच्या डब्यापासून क्रीमच्या ट्यूबपर्यंत सगळीकडे छापलेलं असतं. डब्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यावरून त्यातलं खरं-खोटं कळत नाही. माझ्या मते ते वजनाच्या पावतीवर कळतं, त्यातही कडत्याच्या, म्हणजे वजनातून केलेल्या कपातीच्या रकान्यात. लांब लिहितोय, कारण हा रकाना फारसं कुणी उघडून बघत नाही.

वाळवलेली पानं, मुळं, फुलं काट्यावर येतात तेव्हा पोत्यात सुका माल असतो आणि थोडं उरलेलं पाणी असतं. समजा करार 10 टक्के ओलाव्याचा आहे आणि माल 14 टक्क्यांचा आला. 100 किलोत सुका भाग 86 किलो. तोच माल 10 टक्क्यांवर आणला तर 86 भागिले 0.90, म्हणजे साधारण 95.5 किलो भरतो. रास्त कपात साडेचार किलोची झाली. आता ‘दर टक्क्याला दोन किलो’ असा नियम लावला तर आठ किलो कापले जातात. साडेतीन किलो माल फुकट गेला, आणि पावतीवर त्याचं नाव ‘ओलावा घट’.

उलट बाजूही बघा. माल 8 टक्क्यांवर वाळवून आणला तर सुका भाग 92 किलो, म्हणजे करारातल्या ओलाव्याने तो 102 किलोंहून थोडा जास्त होतो. त्या वरच्या दोन किलोंचे पैसे मिळायला हवेत, पण अशी वाढ देणारा खरेदीदार विरळा. मग चांगला वाळवणारा शेतकरी दर खेपेला तोट्यात जातो आणि पुढच्या वर्षी एक दिवस आधीच माल गोळा करतो. पोत्याच्या मधोमध दमट गोळा राहतो, बुरशी धरते, आणि ‘शेतकऱ्यांना दर्जा कळत नाही’ अशी ओरड सुरू होते. दर्जा त्यांना नीट कळतो, हिशोबही कळतो.

ओलावा मोजतात कसा, तेही विचारा. धान्यासाठी बनवलेला मीटर पानांत किंवा सालीत खुपसला तर आकडा भरवशाचा येत नाही. 105 अंशांच्या ओव्हनमध्ये नमुना ठेवून घट मोजणं ठीक, पण सुगंधी मालात पाण्याबरोबर तेलही उडून जातं. पानात 3 टक्के तेल असेल तर त्यातलं बरंचसं ओलावा म्हणून मोजलं जातं. ज्या तेलासाठी माल घ्यायचा, त्याचीच कपात शेतकऱ्याच्या वजनातून! अशा मालाचं पाणी ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीने वेगळं मोजावं लागतं. ती सोय खरेदी केंद्रावर नसेल तर निदान कपातीच्या सूत्रात तेलाचा भाग वजा करा.

काट्याच्या लबाड्या साध्या असतात. 48.7 किलो दिसतं आणि पावतीवर 48 लिहिलं जातं, म्हणजे जवळजवळ दीड टक्का गेला. बारदान, म्हणजे रिकामं पोतं, न तोलता ठोक वजा केलं जातं. काट्याचं तोंड खरेदीदाराकडे असतं. यावर उपायही साधेच. 20 किलोचं प्रमाणित वजन काट्याशेजारी असू द्या आणि रोज सकाळी ते सगळ्यांसमोर चढवा. रिकामं पोतं तोला. आकडा दोन्ही बाजूंना दिसू द्या. पावती शेतकऱ्याच्या भाषेत आणि दोन प्रतींत हवी, त्यावर एकूण वजन, बारदान, ओलावा, काडीकचरा, निव्वळ वजन, दर आणि पैसे मिळण्याची तारीख हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं.

नमुन्याचं आणखी महत्त्वाचं. पोत्यांच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरांतून माल काढून, एकत्र मिसळून, त्याचे तीन भाग करायचे: एक खरेदीदाराचा, एक शेतकरी गटाचा, एक दोघांच्या सह्यांनी सीलबंद. हा तिसरा भाग नसेल तर पुढच्या प्रत्येक वादात शेतकरी हरतो. होतं असं की माल समुद्रापार जातो आणि दोन-तीन महिन्यांनी निरोप येतो, ‘नापास, पैसे परत’. लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मालात अँथ्राक्विनोन हे घातक रसायन सापडू शकतं, आणि चहासाठी युरोपीय संघाची त्याची मर्यादा किलोला अवघी 0.02 मिलिग्रॅम आहे. कापणीत काही विशिष्ट तणं मिसळली तर पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स ही वनस्पतींतली विषारी द्रव्यं येतात; हर्बल चहांसाठी त्यांच्याही मर्यादा 1 जुलै 2022 पासून लागू आहेत. खरेदीदाराला हे सगळं आधीपासून माहीत असतं. त्याने ते हंगामाआधी सांगितलं नसेल, तणांचे फोटो वाटले नसतील, धूर न लागणाऱ्या वाळवणीसाठी पैसा घातला नसेल, तर नापास मालाचा भुर्दंड शेतकऱ्यावर टाकायचा त्याला काहीही अधिकार नाही. हे मी ठामपणे म्हणतो.

उचल हा असाच दुखरा भाग. पीक उभं असताना घरात पैसा नसतो, मग हंगामाआधी उचल घ्यायची आणि माल त्याच माणसाला त्याच्याच दराने घालायचा. फेअरट्रेड या रास्त व्यापाराच्या प्रमाणपत्राच्या नियमांत उत्पादकांनी मागितल्यास कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची तरतूद आहे, ती याचसाठी. व्हॅनिलात हे फार स्पष्ट दिसतं. हाताने परागीभवन केल्यावर शेंग पक्व व्हायला साधारण नऊ महिने लागतात आणि सुमारे पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो तयार व्हॅनिला मिळतो. 2018 च्या सुमारास मादागास्करच्या व्हॅनिलाचा भाव किलोला 500 डॉलरच्या वर गेला, तेव्हा शेतात चोऱ्या वाढल्या. काही शेतकरी टाचणीने हिरव्या शेंगांवर आपली खूण टोचून ठेवतात. तरीही चोरीच्या धास्तीने आणि पैशाच्या निकडीने शेंगा कोवळ्याच तोडल्या गेल्या. अशा शेंगेत व्हॅनिलिन, म्हणजे वास-चव देणारा मुख्य घटक, कमी भरतं. पुढे भाव कोसळला. भाव चढला की धावत येणारा आणि उतरला की फोन न उचलणारा खरेदीदार नैतिक कसा? किमान दर आणि किमान खरेदीचं प्रमाण निदान तीन हंगामांसाठी लेखी द्यावं. तेजीत दर बाजारासोबत वर जावा, मंदीत त्या रेषेखाली जाऊ नये.

रानातून गोळा होणाऱ्या मालाला मात्र नुसता किलोचा दर घातक ठरतो. प्रुनस आफ्रिकाना या झाडाची साल औषधासाठी काढतात. 1995 पासून ते साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यानेच होतो. खोडाच्या समोरासमोरच्या दोन चतुर्थांश पट्ट्यांतूनच साल घेतली, तर झाड टिकून पुन्हा साल धरण्याची शक्यता राहते. गोल सोलली की अन्नरस मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड मरतं. फक्त वजनावर पैसे दिले तर माणूस गोल सोलणारच, त्याला दोष देऊन काय उपयोग? अर्धी साल झाडावर सोडण्याचे पैसे दरात धरावे लागतात. जटामांसीसारख्या मुळांचंही तसंच: बी पडायच्या आधी उपटलेलं रोप पुढच्या वर्षाचं बीही घेऊन जातं.

प्रमाणपत्रांबद्दल एकच प्रश्न विचारा: प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे? गटाचा खर्च निर्यातदाराने उचलला आणि कागद त्याच्याच नावावर राहिला, तर शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या दारात गेल्यावर सेंद्रिय राहत नाही. जमीन तीच, पीक तेच, तरी दर पडतो. युरोपीय संघाच्या सेंद्रिय मालाबद्दलच्या 2018/848 या नियमाने उत्पादकांच्या गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व बंधनकारक केलं आणि गटात जास्तीत जास्त 2,000 सभासद ठरवले. कागदपत्रांचा ताप वाढला हे खरं, छोट्या गटांना तो झेपेलच असं नाही, तरी ही दिशा मला बरोबर वाटते. संस्था शेतकऱ्यांची असेल तर दुसऱ्या खरेदीदाराशी बोलायची मोकळीक राहते.

तुम्ही साबण, तेल, अर्क, चहा असं काही बनवत असाल तर पुरवठादाराकडे गावाचे फोटो मागू नका. गेल्या हंगामातल्या दहा पावत्या मागा, नावं झाकून चालतील. त्यातली एक कमी ओलाव्याच्या मालाची आणि एक नापास झालेल्या मालाची असू द्या. पहिल्या पावतीवर वजन वाढवून दिलंय का आणि दुसरीवर वाहतुकीचा खर्च कुणाच्या खात्यात टाकलाय, एवढं बघा.