नवी कादंबरी न आवडण्यापासून स्वतःस कसे वाचवावे

ज्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीपायी आपण अकरावीच्या गणिताचा बळी दिला, त्याची नवी कादंबरी नऊ वर्षांनी येत आहे असे कळल्यावर प्रकाशनपूर्व सवलतीत तिची नोंदणी करणे हे आपले कर्तव्यच होय. पुस्तक हाती आल्यावर मात्र घाई करू नये. आधी मलपृष्ठ सावकाश वाचावे, कारण साडेचारशे पानांतला सर्वांत आटोपशीर मजकूर तेथेच असतो. नंतर शेवटची कोरी पाने मोजावीत. पुस्तके सोळा पानांच्या फर्म्यांत छापली जात असल्याने अशी चार-सहा पाने उरतात, आणि त्यांच्याबाबत कधीही निराशा पदरी येत नाही.

पहिल्या साठ पानांत काहीच घडले नाही, तर दोष स्वतःकडे घ्यावा. मोबाईलमुळे आपली एकाग्रता गेली असेल किंवा चष्म्याचा नंबर वाढला असेल. नायक विमानतळावर बसून आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर अकरा पाने चिंतन करतो, तेव्हा जांभई आल्यास ती पावसाळी हवेच्या माथी मारावी. कोल्हापुरात ही सबब जून ते सप्टेंबर सहज खपते.

खरी परीक्षा पुढे आहे. त्या पहिल्या कादंबरीत पन्हाळ्याच्या पायथ्याचे एक गुऱ्हाळ होते, आणि ते वाचताना चुलवाणाची धग आपल्या तोंडाला लागत असे. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या रानभेंडीचे चिकट पाणी सोडतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहतो, आणि पाक उतरवण्याचा नेमका क्षण त्याला कोणत्याही घड्याळाशिवाय कळतो, हे तेव्हा शहरात वाढलेल्या आपल्याला त्या पुस्तकानेच शिकवले. नव्या कादंबरीत गुऱ्हाळ कोठेच नाही, अशी तक्रार आपण करू लागाल. करू नये. गुऱ्हाळ आहे; फक्त या वेळी ते कादंबरीत नसून कादंबरीच गुऱ्हाळ आहे. राहता राहिला प्रश्न मळीचा. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो हे खरे, परंतु इतक्या मोठ्या लेखकाच्या काहिलीत झारा घालण्याचे धाडस कोणत्या संपादकाने करावे? (पहिल्या पुस्तकाच्या वेळी ते कोणीतरी केले असणार, हा विचार मनात आल्यास पुस्तक मिटून रंकाळ्याला एक फेरी मारून यावी.)

आपण कोल्हापूरकर असल्याने एक विशेष अडचण संभवते. मिसळीचा कट पातळ झाला, तर आपण तीस वर्षांच्या ओळखीच्या मालकालाही तोंडावर सांगतो. खासबागेत दोन नामांकित मल्ल नुसतेच एकमेकांना हात लावत फिरू लागले, की ‘नुरा कुस्ती’ म्हणून ओरडायला आपण त्यांच्या गतवर्षीच्या गदेची भीड धरत नाही. ही सवय साहित्याच्या वाटेवर आणू नये. शाहू स्मारक भवनात या कादंबरीवर परिसंवाद असेल तर जावे, आणि कोणी मत विचारलेच तर ‘प्रयोग वेगळा आहे’ असे म्हणून चहाच्या टेबलाकडे सरकावे. अधिक खोदून विचारल्यास ‘पुन्हा एकदा वाचायला हवी’ हे वाक्य उपयोगी पडते. त्यातून पहिल्यांदा पूर्ण वाचली होती, असा समज आपोआप होतो.

पूर्ण वाचली नाही याचीही खंत नको. मराठीने या वाङ्मयप्रकाराचे नाव बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून घेतले, तो त्याच्या हातून पुरा झालाच नव्हता; उत्तरार्ध मुलाने लिहिला. जी गोष्ट मूळ ‘कादंबरी’च्या कर्त्यालाच साधली नाही, ती वाचकाकडून का अपेक्षावी?

जुनी कादंबरी मात्र या दिवसांत चुकूनही उघडू नये. तीही आता तितकीशी आवडली नाही, तर आपल्या सतराव्या वर्षाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो; आणि अजून तितकीच आवडली, तर नव्या कादंबरीसाठी आठवडाभर शोधलेल्या सगळ्या सबबी एका दमात फुकट जातात.

सुदैवाने हा मोह होणे अवघड आहे, कारण आपली ती प्रत गंगावेशीतल्या एका मित्राने वाचायला म्हणून नेली, त्याला वीस वर्षे झाली. दूधकट्ट्यावर भेट झाली, की आपण अजूनही तिची आठवण काढतो आणि तो अजूनही ‘कंचं पुस्तक?’ असे निरागसपणे विचारतो. नवी कादंबरीही त्यालाच द्यावी. या गावात दिलेले पुस्तक परत येत नाही, या भरवशावर आम्ही ती दिली होती. चौथ्या दिवशी सकाळी तो ती स्वतः घरी आणून देऊन गेला, आणि वर कव्हरही घातले होते.