मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आमच्याशीही बोलावं

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधावर तो आहे. निफाडजवळची आमची द्राक्षबाग तोच बघतो. त्याला विचारूनच हे उघडपणे लिहितेय. तो म्हणाला, "लिही ताई, लपवून काय मिळालं आपल्याला?"

विषय आहे देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीचा. १९४७ साली स्थापन झालेली ही संस्था. तिचं शोधपत्रिकांमधलं काम मोठं आहे, वार्षिक अधिवेशनं भरतात, कोणत्या आजारावर उपचार कसे करावेत याच्या मार्गदर्शिका निघतात. अनेकांना वाटतं तसं डॉक्टरांवर कारवाई करणं हे तिचं काम नाही. नोंदणी आणि शिस्त हा मेडिकल कौन्सिलचा प्रांत. मग तिच्या हातात उरतं काय? शब्द. हजारो तज्ज्ञांनी एकत्र उच्चारलेला शब्द. माझ्या मते हीच तिची खरी ताकद आहे, आणि ती फार जपून, फार कमी वापरली जाते.

वापरली की काय होतं ते २०१८ मध्ये दिसलं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात तोंडावर होती, आणि जुलैमध्ये संघटनेनं जाहीर केलं की समलैंगिकता हा मानसिक आजार नाही. सप्टेंबरमध्ये निकाल लागला, प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्या निवेदनानं किती आईबापांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल! नातेवाईक काहीही म्हणोत, "डॉक्टरांची देशातली संघटना सांगतेय" हे वाक्य घरात बोलता येतं. एकट्या डॉक्टरच्या केबिनमध्ये ऐकलेल्या वाक्याला ते वजन नसतं.

आता आमच्या घरचं सांगते. एप्रिलमध्ये बागेत खरड छाटणी असते. ऊन रणरणतं, माणूस सकाळपासून घामाघूम. भावाची पाठ धरली म्हणून त्यानं मेडिकलमधून आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणल्या आणि दोन-तीन दिवस घेतल्या. मग जुलाब सुरू झाले, हात कापू लागले, आणि एका संध्याकाळी तो बांधावरून चालताना प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला. शेजारच्यांना वाटलं, दारू. मी त्याला नाशिकला आणलं. रक्तातलं लिथियम वाढलेलं होतं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम पुरेसं बाहेर टाकत नाहीत, आणि अशा वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. वेळेत पोचलो म्हणून बरा झाला.

हे सगळं मार्गदर्शिकेत आहे. लिथियमची पातळी तपासायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी) ठराविक काळानं बघायचं, हेही आहे. पण ते इंग्रजीत आहे आणि डॉक्टरांसाठी आहे. आमच्या डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर बाकड्यावर गर्दी असते, ते माणूसच आहेत. पण गोळ्यांच्या पाकिटाबरोबर मराठीतला एक कागद मिळाला असता, "उन्हात काम असेल तर भरपूर पाणी प्या, मीठ तोडू नका, विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊ नका, जुलाब किंवा हातांचा कंप वाढला तर लगेच या", तर ती संध्याकाळ टळली असती. असा कागद प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या लेटरहेडवर कशाला लिहावा? देशाच्या संघटनेनं तो एकदा तपासून सगळ्या भाषांमध्ये काढावा. आरोग्य विद्यापीठ तर आपल्या नाशिकलाच आहे, मराठीत नीट लिहिणारे डॉक्टर मिळायला अडचण येऊ नये.

दुसरी गोष्ट विम्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि शारीरिक आजारांना मिळतो तसाच विमा मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी भावाच्या ॲडमिशनचा क्लेम "मानसिक आजार वगळलेले" असा शेरा मारून परत आला. आम्ही भांडलो, कायद्याची प्रत जोडली, पत्रांवर पत्रं पाठवली. पण प्रत्येक घरानं एकटंच भांडायचं का? सदस्य डॉक्टरांच्या टेबलावर असे नाकारलेले क्लेम रोज येत असतील. ते संघटनेनं गोळा करावेत, विमा नियामकासमोर ठेवावेत आणि काय झालं ते जाहीर करावं.

डॉक्टर आधीच कमी आहेत, हे मान्य. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळ सोडलं तर पाहणी झालेल्या कुठल्याच राज्यात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता, आणि सुरगाणा-पेठची माणसं अजूनही एसटीनं नाशिकलाच येतात. पण म्हणूनच कागद हवा. डॉक्टर पोचत नाही तिथे आशाताई पोचते, मेडिकलवाला असतो.

माझ्या मित्रयादीत नाशिकचे काही मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना आग्रहाची विनंती. पुढच्या अधिवेशनात हे दोन विषय मांडा. लिथियमचा मराठी कागद मंजूर झाला तर निफाड, पिंपळगाव, लासलगावच्या मेडिकल दुकानांत तो पोचवायचं काम माझं. आणि रात्री-अपरात्री कोणाला मदत लागली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.