घुबडाच्या ग्रीक नाण्याबद्दल खुलासा

ते "चुंबक चिकटला नाही म्हणजे नाणं अस्सल ग्रीक, मग लिंबू-मीठ लावून चकचकीत करा" वालं फॉरवर्ड फिरतंय ना, मीपण दोन ग्रुपवर टाकलं होतं, सॉरी, ते चुकीचंय. चांदीला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण तांबं, शिसं, कथील यांनाही चिकटत नाही आणि बऱ्याच नकला त्याच्याच असतात.

अथेन्सचं इ.स.पू. ५व्या शतकातलं टेट्राड्राक्म (चार ड्राक्मांचं चांदीचं नाणं) घ्या, एका बाजूला अथेना देवी, मागे घुबड, वजन साधारण १७.२ ग्रॅम. ते ठोकून पाडलेलं, म्हणून कड वेडीवाकडी, कधी चिरलेली. माझ्याकडच्या नकलेची कड भिंगाखाली धरली तर सगळीकडून फिरलेली साच्याची रेघ दिसली, आणि घुबडाच्या डोळ्यापाशी बुडबुड्यांचे बारीक खड्डे, म्हणजे ते ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं. अर्थात रेघ नाही म्हणून अस्सल असंही नाही, डाय (ठसा) करून ठोकलेल्या नकलापण असतात, तिथे जाणकारालाच दाखवायचं.

लिंबू तर नकोच! आम्लाने वरचा जुना थर जातो तो जातोच, किंमतही पडते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, न घासता टिपून घ्या. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकटा धरतो. जुना मेसेज आला तर प्लीज पुढे ढकलू नका, आधी पाठवला असेल तर डिलीट करा.