पायलटचा पगार, अक्काची बाग आणि एक फॉरवर्ड

गेल्या रविवारी माझ्या आतेबहिणीचा, तासगावच्या अक्काचा, फोन आला. तिचा मुलगा यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाला आहे आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मजकूर वाचल्यापासून त्याने पायलट होण्याचा हट्ट धरला आहे. “आमचे हे बँकेकडे दोन एकर बाग तारण ठेवायला तयार झालेत, तू फक्त कागद बघून दे,” असे ती म्हणाली. मी करसल्लागार आहे आणि तीन वैमानिकांची विवरणपत्रे दरवर्षी माझ्याकडे येतात, म्हणून तिने मला विचारले. तो मजकूर मी मागवून घेतला. वर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का होता. अशा मजकुराकडे मी एरवी दुर्लक्ष करतो, पण या वेळी त्याच्यामागे घरातली जमीन निघाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मजकुराचा सारांश असा. बारावीनंतर अवघ्या १८ महिन्यांत मुलगा वैमानिक होतो. पहिलाच पगार महिन्याला ८ ते १० लाख असतो. देशात वैमानिकांचा तुटवडा असल्यामुळे नोकरी ठरलेलीच. महिन्यातून जेमतेम दहा दिवस काम, कुटुंबाला जगभर फुकट प्रवास, आणि पगारावर आयकर नाही. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले आहे की कर्ज पहिल्याच वर्षी फिटते, तेव्हा घर किंवा जमीन तारण ठेवायला मागेपुढे पाहू नका. लिहिणाऱ्याचे नाव कुठेही नाही. खाली एका मार्गदर्शन केंद्राचा मोबाइल नंबर मात्र आहे.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची विधाने फार तर हास्यास्पद आहेत, हे मात्र घर बुडवणारे आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, मिळवायला किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि भारतात त्याचा खर्च आज साधारण ५० ते ६० लाखांच्या घरात जातो. एवढे करूनही मुलाला एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ च्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही, कारण त्या त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, करावे लागते आणि त्याला आणखी १५ ते २० लाख लागतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सारे एकत्र मिळते, पण तिथला आकडा एक कोटीच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे असतो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात, आणि नेमकी इथेच अक्काची बाग हिशेबात येते.

आता व्याज पाहू. अभ्यासक्रमाचे ६० लाख आणि टाइप रेटिंगचे २० लाख, असे ८० लाख ११ टक्क्यांनी घेतले, तर नुसते व्याज वर्षाला ८ लाख ८० हजार होते. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले आणि नोकरी लागेपर्यंत तीन वर्षे गेली असे धरले, तरी हप्ता सुरू व्हायच्या आधीच १५ ते १८ लाखांचे व्याज मुद्दलात चढते आणि कर्ज कोटीच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. दहा वर्षांत फेडायचे तर त्याचा मासिक हप्ता १ लाख ३० हजारांच्या वर जातो. ‘पहिल्याच वर्षी’ फेडायचे असेल, तर कर कापून जाऊन हातात महिन्याला ८ लाखांहून अधिक रक्कम यायला हवी, आणि त्या वर्षात मुलाने चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिता कामा नये.

मग हातात येते किती? माझ्याकडे येणाऱ्या एका तरुण सहवैमानिकाच्या परवानगीने त्याच्या दोन पगारपत्रकांतला फरक सांगतो. मूळ वेतन ठरलेले असते; त्याशिवाय फ्लाइंग अलाउन्स आणि बाहेरगावी मुक्काम पडला तर त्याचा भत्ता मिळतो. फ्लाइंग अलाउन्स तासावर असतो, आणि तो तास विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतच मोजला जातो. पहाटे तीनला उठून विमानतळ गाठण्याचा, ब्रीफिंगचा किंवा धुक्यात खोळंबून टर्मिनलमध्ये बसण्याचा वेळ त्यात धरला जात नाही. एका महिन्यात त्याने ७१ तास उड्डाण केले. दुसऱ्या महिन्यात सिम्युलेटर तपासणी आणि आजारपण आले, तेव्हा तो ३८ तासच उडाला, म्हणून त्याला हमीच्या तासांचेच, म्हणजे उड्डाण कमी झाले तरी कंपनी ज्यांचे पैसे देते त्या किमान तासांचेच, पैसे मिळाले. दोन्ही महिन्यांच्या हाती आलेल्या रकमेत साठ हजारांहून अधिक फरक होता. चांगला महिनासुद्धा सव्वादोन लाखांच्या पुढे गेला नव्हता, आणि हप्ता दोन्ही महिन्यांत सारखाच कापला गेला.

या हमीच्या तासांवर सगळा संसार कसा टांगलेला असतो, हे पाहायचे तर एप्रिल २०२४ आठवावा. एअर इंडियामध्ये विलीन होण्याच्या तयारीत असलेल्या ‘विस्तारा’ या विमान कंपनीने वैमानिकांपुढे नवा करार ठेवला आणि त्यात हमीचे तास ७० वरून ४० वर आणले. वैमानिक नाराज झाले, ऐन वेळी विमानांना माणसे मिळेनात, रोज उड्डाणे रद्द होऊ लागली आणि शेवटी कंपनीने आपले वेळापत्रकच सुमारे दहा टक्क्यांनी कापले. सर्वाधिक फटका सहवैमानिकांना, म्हणजे नेमक्या कर्ज फेडत असलेल्या वयाच्या मुलांना, बसणार होता. टाटांसारखा मालक, दोन्ही कंपन्या चालू, मागणी जोरात, आणि तरीही एका कागदाने उत्पन्नाचा पाया तीस तासांनी खचू शकतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातले काही ठाऊक असेल असे वाटत नाही, किंवा ठाऊक असून त्याने ते लपवले असेल.

हे झाले कंपनी चालू असतानाचे. २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत देशांतर्गत प्रवासी विमानसेवा पूर्ण बंद होती, आणि उड्डाण नाही तिथे तासाचा भत्ता कुठून येणार! जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आले, तेव्हा तिच्या वैमानिकांचे पगार जानेवारीपासून थकलेले होते. त्यातल्या अनेकांना पुढे कमी पगारावर दुसरीकडे जावे लागले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला. त्याआधी किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली होती, आणि गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. विमान कंपनी बुडणे आपल्याकडे अपवादाने घडत नाही.

तुटवड्याचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि ती चालवायला माणसे लागणारच आहेत. पण खरी चणचण कमांडरांची, म्हणजे डाव्या बाजूच्या खुर्चीत बसणाऱ्या अनुभवी कॅप्टनची, आहे. त्या खुर्चीसाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्यालाच १,५०० तासांची अट आहे, आणि प्रत्यक्षात तिथे पोहोचायला नोकरी लागल्यापासून पाच-सहा वर्षे सहज जातात. नुकताच परवाना घेऊन आलेला २०० तासांचा मुलगा ती चणचण भरून काढू शकत नाही. तो दारातल्या रांगेत उभा राहतो. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, यावरून रांगेच्या लांबीची कल्पना यावी. रांगेत उभे राहणेही फुकट नसते, कारण इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना फक्त उपकरणांवर विमान चालवण्याची पात्रता, दरवर्षी नव्याने करावे लागते आणि त्यासाठी लागणाऱ्या उड्डाणाचे पैसे बेकार मुलाच्या वडिलांच्या खिशातून जातात. फॉरवर्डमधला ८ ते १० लाखांचा आकडाही मुळात कॅप्टनच्या पगारावरून उचललेला आहे. कॅप्टनचे उत्पन्न खरोखरच घसघशीत असते, यात वाद नाही. ते पहिल्या दिवसाचे म्हणून खपवणे ही लबाडी आहे.

अठरा महिन्यांबद्दल थोडक्यात. २०० तास कागदावर त्या मुदतीत बसतात, पण पावसाळा, बिघाड होऊन उभी राहिलेली विमाने, प्रशिक्षकांची कमतरता आणि डीजीसीएचे लेखी पेपर यांत अडीच वर्षेही जातात, आणि तोवर वसतिगृहाचे भाडे चालूच असते. दहा दिवसांच्या कामाचे विधान तर डिसेंबर २०२५ नंतर कुणी करू नये. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले, साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, आणि त्यासाठी पुरेशी माणसे नसल्यामुळे इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. महिन्यातून दहा दिवस काम करणारी माणसे असती, तर हे घडले नसते. फुकट प्रवास म्हणजे बहुतेक वेळा जागा उरली तर मिळणारे तिकीट. लग्नसराईत ते हाती धरून विमानतळावर ताटकळलेली कुटुंबे मला माहीत आहेत. आयकराबद्दल एवढेच सांगतो की वाहतूक कर्मचाऱ्यांच्या भत्त्यावर जुन्या करप्रणालीत जी सूट वर्षानुवर्षे होती, तिची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये होती. बाकी पगारावर माझ्याकडे येणाऱ्या तिन्ही वैमानिकांचा कर मी स्वतः भरतो आणि तो पाहून त्यांचे चेहरे उतरलेलेही पाहतो.

त्या मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे वैद्यकीय पात्रता. व्यावसायिक वैमानिकासाठी सक्तीची असलेली क्लास वन वैद्यकीय तपासणी किमान दरवर्षी होते आणि तीत मुलगा अपात्र ठरला तर परवाना असूनही उडता येत नाही. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. या धोक्यासाठी लॉस ऑफ लायसन्स नावाचा विमा असतो, पण तो प्रशिक्षण घेणाऱ्याच्या कर्जाला आपोआप लागू होत नाही. रंगांधळेपणासारखा दोष तर पहिल्याच तपासणीत स्वप्न संपवतो, आणि तो दोन लाख फी भरून झाल्यावर कळलेला मुलगा मी पाहिला आहे.

म्हणून अक्काला मी सांगितले की कागद नंतर पाहू, आधी भाच्याला डॉक्टरकडे ने. प्राथमिक क्लास टू आणि नंतरची क्लास वन अशा दोन्ही तपासण्या कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया देण्याआधी करून घेता येतात आणि त्यांचा खर्च हजारांतला आहे, लाखांतला नाही. दाजींना हे पटायला दोन फोन लागले. भाच्याने तपासणीची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, आणि सातबारा तूर्त अक्काच्या कपाटात आहे.