रस्ट म्हणे सिस्टिमवाल्यांपुरतीच!

‘नवी प्रोग्रॅमिंग भाषा ज्या कामासाठी जन्मली, तिथंच राहते. रस्ट सिस्टिमवाल्यांची (ऑपरेटिंग सिस्टिमसारखं खालच्या थरातलं काम करणाऱ्यांची), कॉटलिन अँड्रॉइडची. बाकीच्यांनी उगाच वेळ दवडू नये.’ डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर हे मत दर थोड्या दिवसांनी फिरत येतं. एकेक मुद्दा घेऊ.

कॉटलिन अँड्रॉइडसाठी जन्मलेलीच नाही. स्वतःचे आयडीई (कोड लिहिण्याची सॉफ्टवेअर) जावात लिहून वैतागलेल्या जेटब्रेन्स कंपनीने ती 2011 मध्ये जाहीर केली. गूगलने अँड्रॉइडवर तिला अधिकृत मान्यता दिली 2017 मध्ये. तुम्ही जे तिचं माहेर समजताय, ते सासर आहे.

‘सिस्टिमबाहेर रस्टला कोण विचारतं?’ पायथॉनवाले. फेब्रुवारी 2021 मध्ये पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजची 3.4 आवृत्ती आली आणि तिच्यात रस्ट शिरली. अल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजवर (ॲप चालवायच्या तयार साच्यावर) चालेल असं व्हील, म्हणजे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज, नव्हतं. मग पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) सोर्सवरून बिल्ड करायला जायचं आणि रस्टचा कंपायलर नाही म्हणून आपटायचं. रस्टची एक ओळही न लिहिलेल्यांचे बिल्ड लाल झाले, गिटहबवर मेंटेनरांवर (पॅकेज सांभाळणाऱ्यांवर) लोक तुटून पडले. (चिडणाऱ्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.) पण रस्ट तिथून हलली नाही. आज लिंटिंगला (कोडमधल्या चुका हेरायला) रफ, पॅकेजेसना यूव्ही, डेटाफ्रेमला (तक्त्यातल्या डेटाला) पोलार्स, शिवाय डेटा तपासणाऱ्या पायडँटिकचा गाभा, हे सगळं रस्टमध्ये आहे. वापरणारा मात्र पायथॉनच लिहितो; खाली काय चाललंय याचा बहुतेकांना पत्ताही नसतो.

‘कंपनीने हात काढला की भाषा संपली.’ रस्ट जिथं वाढली त्या मोझिलाने ऑगस्ट 2020 मध्ये सुमारे 250 जणांना कमी केलं, त्यात रस्टवर काम करणारेही होते. सहा महिन्यांत रस्ट फाउंडेशन उभं राहिलं आणि डिसेंबर 2022 मध्ये लिनक्स 6.1 कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) रस्टचा शिरकाव झाला.

नोकऱ्या जावाच्या मानाने कमी आहेत, हे कबूल.

गंमत म्हणजे या मताच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला त्या मेसेजमध्ये नसतोच: स्विफ्ट, ॲपलची आयफोन ॲपसाठीची भाषा. 2015 मध्ये ती ओपन सोर्स झाली. आयबीएमने सर्व्हरसाठी किटुरा हे स्विफ्टचं फ्रेमवर्क काढलं आणि पुढे अंग काढून घेतलं. गूगलने टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीसाठी स्विफ्ट आणली आणि 2021 मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. माझ्या मते दोष भाषेचा नव्हता. मशीन लर्निंगवाल्याला पायथॉनमधलं नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) आणि नोटबुक सोडून ‘इकडे या’ म्हटलं, तर तो कशाला येईल? रस्टने त्याला काहीच सोडायला लावलं नाही.