"एका खोलीत कोंडा, आपसात ठरवतील" म्हणे!

नवी मांजर दत्तक घेतलेल्या भाचीला हा मेसेज तीन ग्रुपांतून आला आणि तिने तो खरा मानला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज असा: "नवी मांजर आणली की जुन्या मांजरींसोबत एका खोलीत कोंडा. रात्रभर भांडतील, सकाळपर्यंत कोण वरचढ ते ठरेल. सगळ्यांना एकच पावडर लावा. फिस्कारली तर तोंडावर पाणी उडवा. शी-शूचा ट्रे एकच ठेवा, मैत्री होते. आठवड्यात जमलं नाही तर परत करा."

सकाळपर्यंत नक्की काय ठरतं? मांजर एकटीने शिकार करणारा प्राणी. 'हरले, आता सोड' असं सांगून भांडण मिटवायची सोय तिच्या देहबोलीत जवळपास नाहीच. तिच्याकडे एकच उपाय असतो, लांब निघून जाणं, आणि दार लावून तुम्ही नेमका तोच काढून घेता. सकाळी एक कपाटावर अंग चोरून बसलेली असते, दुसरी खाली वाट अडवून. याला लोक 'जमलं' म्हणतात! चाव्याची जखम वरून पटकन बुजते, आत पू साठतो आणि दोन-चार दिवसांनी गळू वर येतं. एफआयव्ही, म्हणजे मांजरींची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, मुख्यतः अशाच चाव्यांतून पसरतो. ताणामुळे बोक्याची लघवी अडू शकते. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, तर बद्धकोष्ठ समजून थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. शिवाय पहिली भेट मारामारीची झाली की पुढे समोरची नुसती दिसली तरी अंग फुगतं, आणि हे पुसायला आठवडे जातात.

भांडण जुंपलंच तर हात घालू नका. मध्ये मोठा पुठ्ठा सरकवा किंवा जाड चादर टाका.

नवीला वेगळी खोली द्या: स्वतःचा ट्रे, पाणी, लपायला खोका. साधारण दोन आठवडे तरी, कारण तिच्याकडून जुन्या मांजरींना रोग लागू शकतो; मेसेजमध्ये रोगांबद्दल चकार शब्द नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरींच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू भांडी, कपडे, हात यांवरूनही पोचतो. त्यामुळे लसीकरण बघा आणि एफआयव्ही व फेलाइन ल्युकेमिया (मांजरींचा आणखी एक विषाणूजन्य आजार) यांची रक्ततपासणी करून घ्या. तब्येत ठीक असेल तर पुढच्या पायऱ्या. एकीच्या गालांवरून फिरवलेलं फडकं दुसरीच्या जागेत ठेवा. नंतर काही वेळ खोल्यांची अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं: वाट्या आधी दोन मीटर लांब, दोघी निवांत खाऊ लागल्या की रोज थोड्या जवळ. नंतर जाळीतून, शेवटी समोरासमोर पाच-दहा मिनिटं, आणि कोणी ताठरायच्या आत भेट संपवायची. बिघडतं ते इथेच: एक दिवस बरा गेला की लोक दार सताड उघडतात. खाणं सोडलं किंवा टक लावून बघणं सुरू झालं, तर एक पायरी मागे या.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेतल्या मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने 2024 मध्ये घरातल्या मांजरींमधल्या ताणावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही ओळख टप्प्याटप्प्यानेच करून द्यायला सांगितलंय. ताण बहुधा आवाज न करता चालतो, म्हणजे रोखून बघणं, दारात किंवा ट्रेच्या वाटेत आडवं बसणं, आणि मालकांच्या तो लक्षातच येत नाही, हेही त्यात आहे.

पावडर. मांजरी वासावरून ओळखतात, एवढं खरं, मान्य. पण एकमेकींना अंग घासून तयार होणारा तो वास त्यांचा स्वतःचा असतो. पावडर तो झाकते, वर चाटण्यातून पोटात आणि श्वासातून छातीत जाते. काही जण पावडरीऐवजी सुगंधी तेल सुचवतात, ते तर नकोच. त्यांतले बरेच घटक मांजरीच्या यकृताला पेलत नाहीत, विषबाधा होते.

पाणी उडवण्याचा सल्ला तर उलटाच. फिस्कारणं म्हणजे 'लांब राहा' ही सूचना, आणि तिनेच बरीच भांडणं टळतात. दाबलीत तर पुढच्या वेळी थेट पंजा येईल, आणि 'नवी दिसली की तोंडावर पाणी' ही सांगड कायमची बसेल.

ट्रे मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. ओळीत मांडलेले तीन ट्रे मांजरीच्या लेखी एकच जागा.

आठवड्याची मुदत कुठून आली कोण जाणे. लहान पिल्लू आणि शांत स्वभावाची जुनी मांजर असेल तर कधी चार दिवसांत जमतंही. मोठ्या मांजरींना काही आठवडे लागतात, कधी महिने. सगळं सावकाश करूनही जुनी मांजर रोज धावून जात असेल, तर परत करायची भाषा काढण्याआधी तिचे दात आणि सांधे तपासून घ्या. दुखणं असेल तर ते बरं होईपर्यंत दार बंदच ठेवा.